कोपरातली चिमणी

मामीचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या मैदानावर मुलींना बॉलिंग शिकवत होते. "मामा गेले गं," एवढंच ती म्हणाली. समोर एका पोरीचा हात वाकत होता, आणि फोन कानाला असतानाच माझ्या तोंडून निघालं, "कोपर, बये, कोपर!" शब्द मामाचेच... मग मी तिथेच मैदानात बसले.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. ओझरच्या विमान कारखान्यात बारीकसारीक उपकरणं दुरुस्त करायचा. नव्वदच्या दशकात मी इंदिरानगरला त्याच्याकडे राहून कॉलेज करत होते आणि डोक्यात क्रिकेटचं खूळ होतं. एका सामन्यात अंपायरने माझे ओळीने तीन नो बॉल दिले. म्हणे, मी बॉल टाकत नाही, फेकते! जिल्ह्याची निवड दोन महिन्यांवर आली होती आणि आमचे सर सांगून मोकळे झाले, "हात सरळ झाला तरच ये." अहो, पण वाकतो हे मला कळायला नको? मला तर तो चांगला सरळ वाटायचा. घरी येऊन मी भोकाड पसरलं. मामा चहा पीत ऐकत होता. "रडतेस कशाला? तुझा हात तुला दिसत नाही, एवढंच दुखणं आहे. दिसत नाही तर ऐकू येऊ दे."

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या बसमधून उतरला तो थेट स्टुलावर चढला आणि त्याने दारावरची बेल काढली. तेव्हा घरोघरी असायची ती, चिमणीसारखी चिवचिवणारी. ती त्याने सेलवर चालती केली, माझ्या कमरेला बांधली आणि तिची वायर कोपरावरच्या कापडी पट्ट्यात नेली. कोपर वाकलं की पट्ट्यातले पत्र्याचे दोन तुकडे एकमेकांना टेकायचे आणि चिमणी सुरू! "पळताना वाजली तर वाजू दे," तो म्हणाला, "हात कानाजवळून जाताना वाजता कामा नये." सोसायटीच्या अंगणात सराव सुरू झाला. मी बॉल टाकला की तळमजल्यावरच्या काकू दार उघडून बघायच्या. मामी वैतागली. "पाहुणे दार बडवतात आणि बेल ही पोरगी घालून हिंडते!" मामा म्हणायचा, "उद्या बसवतो." ते उद्या काही उजाडलं नाही.

सुरुवातीला मी चिमणीला इतकी घाबरले की हात लाकडासारखा व्हायचा आणि बॉल भलतीकडेच जायचा. तेव्हा मामा म्हणाला, "अगं, ती चुगली करत नाही, नुसतं सांगते." हळूहळू वाजायच्या आधीच मला हात वाकल्याचं जाणवू लागलं. मग तो एक दिवस आड पट्टा काढून ठेवू लागला. "आज चिमणीला सुट्टी." त्या दिवशी मी बॉल टाकायची आणि तो विचारायचा, "वाजली असती का?" माझं उत्तर चुकलं की हसायचा लबाड.

निवडीच्या दिवशी तो अर्धी रजा टाकून आला. पट्टा घरीच ठेवला होता. पहिला बॉल टाकला, दुसरा टाकला... अंपायर गप्प. सहाही बॉल गप्प! धावत जाऊन विचारलं, "मामा, पाहिलंस?" तर हा म्हणतो, "छे गं, मी डोळे मिटून ऐकत होतो. एकदाही वाजली नाही." मी संघात आले. पुढे त्याच क्रिकेटच्या जोरावर शाळेत नोकरी लागली.

परवा, दीड महिन्यानंतर, मामीकडे गेले. दाराबाहेर अजून त्या दोन उघड्या वायरी, टोकाला काळी टेप. मी कडी वाजवली. मामीने चहा केला आणि बिस्किटांच्या डब्यातून तो पट्टा, ती बेल काढून माझ्यापुढे ठेवली. "सेल नवे आहेत. दर दिवाळीला बदलायचे. म्हटलं, आता तरी दाराला लावा. तर म्हणे, तिचा हात परत वाकला तर?"

इतकी वर्षं... पट्टा चढवला आणि तिथेच हॉलमध्ये हात फिरवला, कानाजवळून, सरळ. चिमणी गप्प. मग डोळे पुसायला हात वर नेला आणि कोपर वाकलं.

एवढ्याशा घरात ती चिवचिव! मी घाईने हात सरळ करायला गेले, तर मामीने मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "वाजू दे जरा."