म्हातारा, म्हैस आन् हमरस्ता

रांजणगावच्या थांब्यावर मी एसटीची वाट बघत बसते, तिथं तो म्हातारा रोज दिसतो. नाव मी कधी विचारलं नाही. त्याचं घर रस्त्याच्या अलीकडं, रान पलीकडं. दुभाजकात सोडलेल्या वाटेनं म्हैस रानाकडं नेताना एक हात तिच्या पाठीवर ठेवून दुसरा वर करायचा, की कंपनीच्या बससुद्धा थांबायच्या.

एके सकाळी दुभाजकातली ती वाट बुजवायला माणसं आली. त्यांचा साहेब म्हणाला, "आबा, हा महामार्ग आहे. म्हैस लांबच्या पुलाखालून न्या."

म्हातारा म्हणाला, "तुमी जमीन मागाया आला हुता, तवा हमरस्ता म्हणत हुता. हमरस्ता म्हंजी समद्यांचा, म्हणून दिली. आता महामार्ग झाला व्हय? मंग माझं रान बी उचलून अलीकडं आणून ठेवा."

साहेब नुसता हसला. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो बघा. दुपारपर्यंत तिथं सिमेंटची भिंत उभी राहिली.

म्हैस अजून रोज त्या भिंतीपाशी येऊन थांबते. म्हातारा तिला ओढत नाही. तिच्यासोबत जरा वेळ उभा राहतो, मग पुलाकडं वळतो. परत येताना मी कंडक्टरला मुद्दाम सांगते, "हमरस्त्याला उतरव रे." महामार्ग म्हणायला माझी जीभ वळत नाही, आन् मी ती वळवणारही नाही.