पुरणयंत्राचं पातं आणि जयपूरची होळी

सांगलीहून निघताना बॅगेत चार साड्या आणि एक पुरणयंत्र, एवढंच माझं सामान. लेक मंजू दर रविवारी जयपूरहून फोन करायची आणि तासभर तेच पालुपद लावायची, "आई, इथे कुणी ओळखीचंच नाही गं." जावईबापूंची बँकेची बदली, ते दिवसभर ऑफिसात. मग एकदा म्हणाली, "होळीला अख्ख्या बिल्डिंगला पुरणपोळीचं आमंत्रण दिलंय." म्हटलं, आता गेलंच पाहिजे!

मुंबईहून संध्याकाळची गाडी धरली की दुसऱ्या दिवशी दुपारी जयपूर. पहाटे गारठा असतो, शाल हाताशी ठेवा. आणि पुरणयंत्र बाकाखाली ठेवू नका. माझ्या बॅगेवर कुणीतरी लोखंडी ट्रंक सरकवली आणि यंत्राचं आतलं पातं, जे पुरण जाळीतून दाबतं, तेच मोडलं.

"मिक्सरमध्ये फिरवू," मंजू म्हणाली.

"मिक्सरचं पुरण म्हणजे खळ! लोकांना पोळी खाऊ घालायचीय, पत्रिका चिकटवायच्या नाहीत."

त्रिपोलिया बाजारात भांड्यांची दुकानं पालथी घातली. पितळ बघून डोळे निवतात, पण पातं मिळेना. एक दुकानदार म्हणाला, "माताजी, ये सेवई की मशीन है क्या?" मी प्याज कचोरीवर राग काढला. (एकच खा. दोन खाल्ल्या तर रात्रीचं जेवण विसरा.)

शेवटी शेजारच्या शर्माभाभींनी मुरलीपुऱ्यातल्या मेकरस्पेसचं नाव काढलं. सीकर रोडवर उतरून ई-रिक्षा करायची. आत एक मोठा हॉल, भिंतीवर हत्यारं, टेबलांवर यंत्रं. कुणीही यावं, शिकावं, करून बघावं. शिकण्याचे पैसे नाहीत, सामानाचे तेवढे द्यायचे. कोचिंग क्लासच्या दोन मुली दिवा जोडत होत्या, माझ्याच वयाच्या एक बाई पंखा उघडून बसलेल्या. बघूनच मला माहेरी आल्यासारखं झालं!

तिथल्या ताई, कविताजी, पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायच्या. मी यंत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्या हसल्या. "आंटीजी, यहाँ हम करके नहीं देते। हाथ आपके चलेंगे।"

मंजू कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसली. मी मोडकं पातं मापलं, कॉम्प्युटरवर चित्र काढायला शिकले. मग थ्रीडी छपाईच्या यंत्रानं शेवया घालाव्यात तसे प्लॅस्टिकचे थरावर थर घातले आणि हिरवंगार पातं तयार! डब्यातला उकडलेला बटाटा घालून पाहिला, तर जाळीतून मऊसूत उतरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी जाऊन मूठभर डाळ शिजवली, गूळ घालून आटवली, गरमागरम यंत्रात घातली. दांडा दोन वेळा फिरला आणि पातं भाजत्या पापडासारखं वाकडं झालं. होळी दुसऱ्या दिवशी! मंजूचा चेहरा पडला. "आता सगळ्यांना काय सांगू गं?"

सकाळी दार उघडायच्या आधीच आम्ही मेकरस्पेसच्या पायरीवर.

"गरम डालना होता है? आपने बताया नहीं!" कविताजी कपाळावर हात मारून म्हणाल्या.

"आपने पूछा नहीं! ठंडा पुरण कोई पीसता है क्या?"

हसून हसून पुरेवाट झाली. मग स्टीलचंच करायचं ठरलं. मंजूच्या स्वयंपाकघरातलं जाड उलथनं मी पिशवीत घालून आणलंच होतं. पण ग्राइंडर सुरू झाला आणि मला तो एका जागी धरवेना. कविताजींनी लगेच बंद केला. "आंटीजी, ये नहीं।"

"सरक आई," मंजू उठली. "म्हणजे, मी बघते."

डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, ओढणी काढून ठेवलेली. कविताजी शेजारी उभ्या. ठिणग्या उडाल्या तशी पोरगी आधी दचकली, मग जी हसायला लागली, कितीतरी दिवसांनी. कापलं तिनंच, कानशीनं धार तिनंच घालवली, बोल्टही तिनंच आवळले.

संध्याकाळी पोळ्या तव्यावर फुगत होत्या. कविताजीही आल्या होत्या. शर्माभाभींनी यंत्र उलटंपालटं करून विचारलं, "ये किसने बनाया?" मंजूनं नुसता हात वर केला, शाळेत करतात तसा.

यंत्र तिच्याकडेच ठेवून आले. मी बरोबर आणलं ते वाकडं हिरवं पातं. सांगलीत खिडकीत ठेवलंय, येणारा जाणारा विचारतो, मग मला सगळं सांगायला मिळतं. हवामहल पाहिला का, असंही विचारतात. पाहिला हो, रिक्षातून.

काल रविवार. तासभर बोलायच्या तयारीनं चहा घेऊन बसले. फोन वाजला.

"आई, नंतर करते हं. भाभींच्या स्टुलाचे पाय कापतोय, ग्राइंडर चालू आहे."

पहिल्यांदाच रविवारचा चहा गरम असतानाच संपला.