गळाला लागलेला झुबैदी

आमच्या ह्यांना मासे धरायचा नाद लागला तो वयाच्या बावन्नाव्या वर्षी, अमिरातीतल्या फुजैऱ्यात. हे तेलाच्या टर्मिनलवर स्टोअर सांभाळतात. ऑफिसातल्या कुणीतरी एका रविवारी ह्यांना समुद्राच्या खडकावर नेलं, हातात काठी दिली आणि झालं. महिन्याभरात आमच्या बाल्कनीत दोन काठ्या, गळांनी भरलेला डबा, हनुवटीखाली दोरी बांधायची टोपी, खिसेच खिसे असलेलं जाकीट आणि मासे धरायचं सरकारी लायसन्स एवढं सगळं आलं. मासा तेवढा आला नाही.

हे नावाला कोकणातले, वाढले पुण्यात. मासा त्यांना भेटायचा तो ताटात, तुकडी होऊन. मी मात्र रायगडातल्या खाडीकाठची. गावात शाळा चौथीपर्यंतच होती, पुढची खाडीपलीकडे, आणि पलीकडे मुलीला कोण पाठवणार? म्हणून चौथीनंतर मी ओहोटीला आईबरोबर कालवं काढायला जायची आणि भरतीला बाबांशेजारी खडपावर बसायची. खडप म्हणजे समुद्रात शिरलेला काळा कातळ. बाबांकडे काठीबिठी नव्हती, नुसती दोरी आणि गळ. ते बोलत नसत, मीही नाही. दोरीला हिसका बसला की माझ्याकडे बघून भुवई उडवायचे, एवढंच. मला लोकांत बोलायला आजही जमत नाही. पण खडपावर ते कधी कुणाला खटकलं नाही.

लग्न ठरताना सासूबाईंनी विचारलं, "मुलीला काय काय येतं?" आई तोंड उघडायच्या आत माझ्या मावशीने सांगून टाकलं, "भरतकाम." मला भरतकाम येत नाही. सासरी लोक शहरातले, मुलगी गळ टाकते हे सांगायची सोय नव्हती. पुढे कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तीस वर्षं अशीच गेली.

मुलगी कॉलेजला पुण्याला गेल्यापासून मला रविवार फार मोठे वाटायला लागले. हे पहाटे थर्मास घेऊन जायचे आणि मी खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे एसी मोजायची. समुद्र गाडीने दहा मिनिटांवर. एकदा धीर करून विचारलं, "मी येऊ?"

"तिथे?" हे म्हणाले. "अगं, ऊन असतं. दगड निसरडे. सगळे पुरुष. आणि त्याला कॉन्सन्ट्रेशन लागतं. तुला कंटाळा येईल."

मी गप्प बसले. मला गप्प बसायची सवयच आहे.

चार रविवार रिकाम्या हाताने आल्यावर पाचव्या रविवारी दारातूनच आरोळी आली, "अगं ए, बघ तरी काय आणलंय!"

ह्यांनी पिशवीतून मासा काढून सिंकमध्ये ठेवला. ताटलीएवढा, चपटा, चंदेरी. मी बघतच राहिले. पापलेट होतं.

"हा झुबैदी," हे म्हणाले. "अरबी मासा आहे. आपल्याकडे मिळत नाही, तुला माहीत नसणार."

आता, पापलेट गळाला लागत नाही. त्याचं तोंड बटणाएवढं. ते येतं जाळ्यात. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी मासा हातात घेतला. ओठाला गळाची खूण नव्हती. डोळे आत गेलेले, कल्ले तपकिरी पडलेले. सकाळी मेलेला मासा आणि परवा मेलेला मासा मला अंधारातही ओळखता येतो. हा निदान परवाचा. हे मासळीबाजारात गेले असणार, विकणाऱ्याने अरबी नाव सांगितलं असणार, आणि ह्यांना वाटलं असणार, बरं झालं, हिला ओळखता येणार नाही असा मासा मिळाला.

"फार जड गेला का हो?" मी विचारलं.

"बारा मिनिटं!" ह्यांनी दोन्ही हात पसरले. "काठी अशी वाकली. आजूबाजूचे सगळे यल्ला यल्ला करत गोळा झाले. शेवटी दमला बिचारा."

बिचारा दमलेला दिसतच होता. मी त्याला हळद-मीठ लावलं.

बिंग फोडायला एक शब्द पुरला असता. पण मला बिंग फोडायचं नव्हतं, मला खडकावर जायचं होतं. बिंग फुटलं तर हे लाजेने काठ्याच विकून टाकतील आणि माझा उरलासुरला समुद्रही जाईल. तेव्हा मी पापलेट तळलं, वाढलं आणि म्हटलं, "ह्याची चव काही वेगळीच आहे हो."

"अरबी आहे ना," हे म्हणाले.

तिथून माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे. पुढच्या शनिवारी मी म्हटलं, "उद्या झुबैदी मिळाला तर दोन आणा. आणि जरा सारख्या आकाराचे बघा, तव्यात बरे बसतात."

"अगं, ते काय आपल्या हातात असतं?"

पण दुसऱ्या दिवशी दोन आले. एकाच साच्यातून काढल्यासारखे.

त्याच्या पुढच्या शनिवारी म्हटलं, "गाभोळी असलेला मिळतो का हो?" गाभोळी म्हणजे माशाची अंडी. ह्यांनी जरा विचार केला. "बघतो," म्हणाले. "खोल पाण्यात टाकावं लागेल." आणि आणला! मासळीबाजारात हे एकेका पापलेटाचं पोट दाबून बघत उभे आहेत असं माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मला स्वयंपाकघराचं दार लावून हसावं लागलं.

"बांगडा कसा लागत नाही तुम्हाला?" मी एकदा विचारलं. बांगडा गळाला पटकन लागतो म्हणून विचारलं.

"बांगडा?" ह्यांनी नाक मुरडलं. "तो बिगिनर लोकांचा मासा."

मजा येत होती, खोटं कशाला सांगू. पण दर वेळी मासा साफ करून झाला की मी विचारायची, "मी येऊ का पुढच्या रविवारी?" आणि दर वेळी एकच उत्तर. आता तर हे मला नेऊच शकत नव्हते. मी आले असते तर झुबैदी कुठून येतो ते दिसलं असतं. माझ्या गप्प बसण्याने माझीच वाट बंद झाली होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आमच्या खालच्या मजल्यावर दाभोळकडचं एक मुसलमान कुटुंब राहतं. भाभी माझ्या वयाची. रविवारी हे गेले की ती वर येते, आम्ही दोघी चहा पितो. तिच्यासमोर मला बोलता येतं, कारण तीच सगळं बोलते. तिचे मिस्टर टगवर आहेत, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या बोटीवर. जन्म पाण्यात गेलेला माणूस. एका रविवारी ह्यांनी त्या दोघांना दुपारी जेवायला बोलावलं. मला न विचारता, आणि झुबैदी खायला!

मी म्हटलं, "अहो, त्यांना नको. कोंबडी करू."

"का? मी धरलेला मासा खाऊ दे ना त्यांना."

ते दोघं आले. मी नेहमीसारखी पदर सावरत वाढत होते, मान खाली. भाभीचे मिस्टर दोन घास खाऊन म्हणाले, "वा वहिनी! पापलेट एक नंबर."

"पापलेट नाही हो," हे हसून म्हणाले. "झुबैदी. सकाळीच धरला."

"हां, तेच की. पापलेटाला अरबी झुबैदीच म्हणतात." त्यांनी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. मग मान वर केली. "धरला म्हणजे? जाळं टाकलंत?"

"नाही, गळ."

"गळावर पापलेट?" त्यांनी घास खाली ठेवला. "पस्तीस वर्षं पाण्यात आहे मी भाऊ. वडील माझे तांडेल होते, मचवा चालवायचे. गळावर पापलेट मी ऐकलं नाही कधी. कुठे लागलं? दाखवा तरी ती जागा."

ह्यांनी एकदा पापलेटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. झुबैदी म्हणजे पापलेट हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि मी रायगडची आहे हेही बहुतेक त्याच क्षणी आठवलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हातातला भात बोटांतून ताटात पडला. घरात मी त्यांची कितीही मजा बघितली असेल, पण दुसऱ्याच्या समोर त्यांचा तसा चेहरा मला बघवेना.

"लागलं," मी म्हटलं. आवाज माझाच होता. "मी होते ना बरोबर. मी पाहिलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तुम्ही जाता वहिनी?"

"दर रविवारी."

भाभीला ठसका लागला. दर रविवारी मी कुठे असते ते तिच्याइतकं कुणाला माहीत? त्या सकाळीसुद्धा आम्ही माझ्याच ओट्याशी बसून चहा प्यायलो होतो. ती पाणी प्यायली, ओढणीने डोळे पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, दर्यात काय नसतं? जेवा गुमान."

तिच्या मिस्टरांनी एकवार ह्यांच्याकडे आणि एकवार माझ्याकडे बघितलं. "वहिनी म्हणतात म्हणजे लागलंच असणार," ते ताटाकडे बघत म्हणाले, आणि आणखी एक तुकडी घेतली.

पाहुणे गेले. हे मुकाट्याने भांडी घासायला उभे राहिले. लग्नानंतर पहिल्यांदा. नळ बंद करून म्हणाले, "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"डोळे आत गेले होते."

"कुणाचे?"

"तेव्हा माशाचे. आज तुमचे."

ह्यांना हसू आलं, पण ते त्यांनी घासणीकडे बघून गिळलं. "आणि तू दर रविवारी कधी येतेस बरोबर?"

"अजून नाही आले. पण आता यावं लागणार. चार माणसांत बोललेय मी, तुमच्यासाठी. ते खरं करायला नको?"

ऊन, निसरडे दगड, पुरुष, सगळी उत्तरं संपली होती. "सकाळी पाचला निघावं लागतं," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी मी साडेतीनलाच उठून बसले होते.

लायसन्स ह्यांच्या एकट्याच्या नावावर. माझं काढेपर्यंत मला काठीला हात लावता येणार नव्हता. मी नुसती खडकावर बसले, साडी गुडघ्यांशी खोचून. पाण्याचा वास तोच, आवाजही जवळजवळ तोच. भरती नुकती लागली होती. हे उभे राहिले आणि काठी डोक्यावरून फिरवून गळ असा भिरकावला की तो जवळजवळ इराणला पोचला.

"एवढ्या लांब नको," मी म्हटलं. "ह्या खडकाच्या मुळाशी टाका. पाणी चढतंय, मासा चरायला इथे येणार."

"व्हिडिओत लांबच टाकतात."

"त्यांना व्हिडिओ काढायचा असतो. आपल्याला कालवण करायचंय."

ऐकलं नाही. अर्धा तास इराण. आणि मग एकदम काठी थरथरली, हे ओरडले, गुंडाळत सुटले, आणि पाण्यातून एक ठेंगणा, पिवळट मासा वर आला. खराच. खऱ्या गळाला लागलेला. हे दगडावर नाचायचेच बाकी होते. मासा हातात घेताच तो टम्म फुगला, चेंडूसारखा.

"बघ! बघितलंस? काय म्हणतात ह्याला? रश्शाचा की तळायचा?"

तो केंड होता, विषारी. मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. इतका आनंद झालेला माणूस मी आमच्या मुलीच्या जन्मानंतर पाहिला नव्हता. क्षणभर वाटलं, घरी जाईपर्यंत तरी सांगू नये. पण न सांगून काय होतं ते मी तीन महिने बघितलं होतं.

"केंड आहे," मी म्हटलं. "खाल्ला तर दोघंही खलास. सोडा पाण्यात."

हे त्या फुगलेल्या माशाकडे बघत राहिले. मग हळूच वाकून त्यांनी तो सोडला. काठी घेऊन माझ्याजवळ आले, बसले आणि विचारलं, "तुला हे सगळं कसं येतं?"

"बाबांनी शिकवलं."

"मग बोलली नाहीस ते कधी?"

"तुम्ही विचारलं नाही कधी."

ह्यांनी गळाला नवीन आमिष लावलं. मग हे म्हणाले, "बरं, आता विचारतो. कुठे टाकू?"

मी बोटाने जागा दाखवली. ह्यांनी गळ चार हात डावीकडे टाकला.

"तिथे नाही हो! इकडे!"

"इकडेच टाकला ना!"

"दगडाच्या ह्या अंगाला! आणि दोरी सैल सोडा. सैल! ओढू नका, थांबा... थांबा म्हटलं ना! आता! आता ओढा!"

एक शेरी वर आली, इथला मासा, वीतभर, करड्या रंगाची, चांगली खायची. आमच्या पलीकडच्या खडकावर एक मल्याळी गृहस्थ शांतपणे मासे धरत होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आपला डबा उचलला आणि तीन खडक लांब जाऊन बसले. तेव्हा मला कळलं की मी केव्हाची ओरडतेय. चारचौघांत, उघड्यावर, परक्या पुरुषासमोर. मला अशी लाज वाटली की मी पदराने तोंड झाकून घेतलं.

पदराच्या फटीतून दिसलं, ह्यांचा गळ पुन्हा इराणकडे निघाला होता. मी पदर सोडला आणि ओरडले.