सापडला म्हणजे तोच कशावरून?

सांगितलेली वस्तू सांगितलेल्या जागी असते, यावर माझ्या वहिनीचा विश्वास बसलेला मी आजवर एकदाही पाहिलेला नाही. दादाची बँकेतली बदली जयपूरला झाली, पाठोपाठ मलाही इथे नोकरी लागली आणि मी मानसरोवर नावाच्या वसाहतीत त्या दोघांकडे राहायला आलो, तेव्हा हे मला कळलं. वहिनी मूळची नागपूरची, इथल्या एका कॉलेजात संगणक शिकवायची. रस्त्यात कुणी "भाभीजी, बस सामने ही है" म्हणालं, की ही थांबलीच. "सामने मतलब किसके सामने?" मग पुढच्या पानवाल्याला तोच प्रश्न, त्यानंतर ई-रिक्षावाल्याला. मी मोबाइलवर नकाशा बघत तरातरा पुढे जायचो आणि भलत्याच गल्लीत एखाद्या गाईसमोर उभा राहायचो. तोवर वहिनी विचारत विचारत पोचून यजमानांकडे चहा घेत असायची. एकदा गिझर बिघडला, म्हणून दादाने मोबाइलमधल्या 'शर्माजीं'ना फोन करून "ताबडतोब या" म्हणून सांगितलं. शर्माजी आलेही. दादा त्यांना थेट न्हाणीघरात नेत होता, तेवढ्यात वहिनीने विचारलं, "आप गीज़र वाले शर्माजी ही हैं ना?" ते विम्याचे निघाले. विम्याच्या माणसाला इतक्या आर्जवाने कुणी बोलावण्याची त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी. बिचारे स्कूटर पळवत आले होते.

मी मात्र स्वतःला या सगळ्याच्या वरचा समजत होतो. सी-स्कीम भागातल्या आमच्या छोट्या ऑफिसात सीतापुरा या औद्योगिक वसाहतीतल्या कापड निर्यातदारांसाठी कॅटलॉग बनतात. चादरींचे शेकडो फोटो एका दमात लहान करणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकुमांची यादी, मी लिहिली होती. काम करायचा दुसराच एक प्रोग्राम. माझी स्क्रिप्ट फक्त त्याला हाक मारायची. तो माझ्या विंडोजच्या संगणकावर कुठल्या फोल्डरात राहतो, ते मी सी ड्राइव्हपासून थेट शेवटपर्यंत लिहून ठेवलं होतं. माझी नोकरी अजून कच्ची होती. ही स्क्रिप्ट गिऱ्हाइकाला आवडली तर पक्की होणार होती. सीतापुऱ्यातल्या कारखान्यात मालकांच्या मॅकवर मी ऐटीत ती चालवली आणि पडद्यावर लाल अक्षरांत उत्तर आलं, की असली फाइल इथे नाही. मालक सज्जन होते. माझी ती लांबलचक ओळ वाचून ते हळूच म्हणाले, "भाईसाहब, इसमें सी ड्राइव कहाँ से आएगी?" मॅकवर सी ड्राइव्ह नसतोच, हे माझ्या गावीही नव्हतं.

संध्याकाळी मी घरी येऊन मॅकला शिव्या देत बसलो. वहिनी मटार सोलत होती. सगळं ऐकून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही त्याला आपल्या घराचा पत्ता देऊन राहिले. दुसऱ्याच्या घरी तो कसा चालन?"

"मग काय करू?"

"नाव सांगा अन् विचारा. प्रत्येक मशीनला माहीत असते, कोणकोणत्या फोल्डरात शोधायचं ते. विंडोजले नावामागं डॉट-ईएक्सईचं शेपूट लागते, मॅकले, लिनक्सले नाही लागत. ते तुम्ही कायले पाहता? तुमच्या त्या पायथन भाषेत शोधून देणारं फंक्शन तयारच आहे."

दुसऱ्या दिवशी मी ते केलं आणि साहेबांना मुद्दाम बोलावून माझ्या विंडोजच्या संगणकावर दाखवलं. प्रोग्रामचं नाव होतं 'कन्व्हर्ट'. स्क्रिप्टने तो क्षणात शोधला, मी विजयी मुद्रेने साहेबांकडे पाहिलं, आणि एकही फोटो लहान झाला नाही. विंडोजचा स्वतःचा एक 'कन्व्हर्ट' असतो. तो डिस्कची मांडणी बदलतो, फोटोंशी त्याला काही देणंघेणं नाही. माझ्या स्क्रिप्टने त्याच्यापुढे चादरी पसरल्या होत्या. साहेब नुसता चष्मा पुसत राहिले, ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी हे सांगितलं, तर वहिनी इतकी हसली की दादा आतून बघायला आला. "सापडला म्हणजे तोच कशावरून? आधी विचारा ना त्याले, बाबा तू कोण, कितवी आवृत्ती. बरोबर उत्तर देल्लं तरच काम सांगा. नाही तर पुढचा पाहा."

"आणि कुठेच नसला तर?"

"तर माणसासारखं सांगा. लाल अक्षरं कायले फेकता लोकांच्या अंगावर?"

तसं करून मी पुन्हा सीतापुऱ्याला गेलो. मालकांच्या मॅकवर चादरी भराभर लहान झाल्या. हिशेबनिसांच्या विंडोजवर झाल्या. कोपऱ्यातल्या लिनक्सच्या मशीनवर मात्र तो प्रोग्रामच नव्हता, आणि पडद्यावर साध्या हिंदीत ओळ उमटली, की फोटो छोटा करणारा प्रोग्राम इथे मिळाला नाही, कृपया तो आधी बसवा. मालक खूश झाले. म्हणाले, "बता तो रहा है! हमारे यहाँ तो आदमी भी नहीं बताते।" माझी नोकरी पक्की झाली. ऑफिसात सगळे माझ्या दूरदृष्टीचं कौतुक करू लागले, आणि मी ते मान किंचित खाली घालून, पण संपूर्ण, स्वीकारलं.

गेल्या उन्हाळ्यात दादाची बदली गुवाहाटीला झाली, वहिनीही तिकडे गेली आणि मी इथेच राहिलो. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी वहिनीला फोन केला, म्हटलं, स्क्रिप्ट अडलीये. तिने विचारलं, कोणत्या मशीनवर? मी म्हटलं, मॅकवर. पडद्यावर काय येते? मी काहीतरी जुळवलं. तिने आणखी दोन प्रश्न विचारले, मी आणखी दोन थापा मारल्या.

"भाऊजी, अडलं नाही ना काही?"

"नाही."

"मंग नुसतंच बोला ना."

मग मी तिला सांगितलं, की इकडे थंडी पडायला लागली आहे आणि सकाळी गच्चीवर ऊन बरं वाटतं. एवढंच होतं सांगण्यासारखं. पण ती हं, हं करत ऐकत राहिली, म्हणून मी ते लांबवत गेलो.