आमच्या पिकअपचं पेट्रोल इंजिन

"आज पण मेली," म्हणत हे घरात आले, तेव्हा गॅसवर सात कप चहा आधीच उकळत होता.

मेली म्हणजे आमची जुनी पिकअप.

थंडीतली आमची सकाळ अशीच असायची. अंगण झाडायचं, म्हशीची धार काढायची, रोपांवर पाणी मारायचं, आणि मग गाडी ढकलणाऱ्यांचा चहा ठेवायचा.

उंब्रजजवळ आमची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. ऊन चढायच्या आत ट्रे शेतावर पोचले नाहीत तर रोपं माना टाकतात.

आणि आमचं डिझेल इंजिन ऊन चढल्याशिवाय उठायचं नाही.

मग गल्लीतले पाच-सहा जण यायचे. सगळ्यात पुढे शेजारचे बापू. "हाणा रं!" ते ओरडायचे. ढकलायचे बाकीचे.

गाडी धूर सोडत चालू झाली की सगळे ओट्यावर चहाला. या चहाला गल्लीत नावच पडलं होतं, ढकलचहा.

त्याच दिवसांत मी गाडी शिकले.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन बियाण्याच्या पाकिटांवर आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. लायसनच्या पुस्तकातल्या खुणा मी भाकरी थापता थापता पाठ केल्या.

शिकवलं ह्यांनीच. मिलिटरीत ड्रायव्हर होते, पण माझ्यावर कधी ओरडले नाहीत.

"सुमन, क्लच हळू सोड. झोपलेल्या पोराच्या डोक्याखालनं हात काढतो तसा."

लायसन मिळालं. मग एकदा हे पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेले. तीस ट्रे भरलेले, मी स्टेअरिंगवर, आणि गाडी गप्प. अख्खी गल्ली लग्नाला गेलेली.

रोपं जागेवर सुकली.

संध्याकाळी ह्यांनी ट्रे बघितले. जेवले. हात धुताना म्हणाले, "डिझेल इंजिन काढायचं. पेट्रोल बसवायचं. थंडीत पण एका चावीत उठतं."

"आवं, लोक पेट्रोल काढून डिझेल बसवत्यात!"

"लोकांच्या बायका पिकअप चालवत्यात का?"

गावात लय हसले लोक. पेट्रोल महाग, ॲव्हरेज कमी, मिलिटरीवाल्याचं डोकं फिरलं.

आरटीओ ऑफिसातल्या साहेबांनीसुद्धा परवानगीचा अर्ज दोनदा वाचला. "अहो, तुम्ही उलटे का चाललाय?"

"मिसेस चालवणार हायेत साहेब. त्यांना धक्का मारायला लावू का?"

साहेबांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि मग अर्ज ठेवून घेतला.

सांगलीच्या भंगार बाजारातून एका जीपचं पेट्रोल इंजिन मिळालं, कागदांसकट. ते आमच्या गिअरबॉक्सला जुळेना. मग मधली प्लेट लेथवर करून आणली. तीन आठवडे हे आणि मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून. मी बाहेरून फक्त चार पाय बघत होते.

आणि एका सकाळी चावी फिरवली आणि गाडी चालू!

इतक्या हळू आवाजात की ह्यांनी परत चावी फिरवली. करकर आवाज आला. "अगं, चालूच हाय की!"

गाडीची पूजा ठेवली. गल्ली जमली. कुणी नारळ आणला, कुणी हार. बापूंनी काय आणलं असेल?

आपल्या ट्रॅक्टरचा कॅन आणला आणि कुणाला न सांगता आमच्या टाकीत ओतला. वीस लिटर डिझेल. आहेर म्हणून!

मी आरती ओवाळली, हे गाडीत बसले. गाडी शंभर पावलं गेली, खोकली, पांढरा धूर सोडला आणि थांबली.

"बापू, काय केलंत?"

"डिझेल घातलं. का?"

"आवं, इंजिन पेट्रोलचं हाय आता!"

"इंजिन बदललं असंल. गाडी तर तीच हाय न्हवं?"

हे गाडीतून खाली उतरले.

नव्या इंजिनाची पिकअप पहिल्याच दिवशी गल्लीनं ढकलत घरी आणली. हार तसाच पुढे लटकत होता. हे हसून हसून रस्त्यात खाली बसले. टाकी उतरवली, धुतली, प्लग साफ केले. बापू दोन दिवस रुसले होते. तिसऱ्या दिवशी आले, "वहिनी, गाडी चालू झाली म्हणून चहा बंद का?"

चहा बंद झाला नाही.

पुढं मी गाडी चालवायची आणि हे शेजारी बसायचे. "मी झोपतो. पोचलो की उठव." डोळे मिटलेले. पण प्रत्येक वळणावर ह्यांचा उजवा पाय पत्र्यावर दाबला जायचा.

मी विचारायचे, "झोपेत ब्रेक मारताय व्हय?"

"पाय जागा हाय. मी झोपलोय."

एकटी मात्र मी कधी गेले नाही. हे म्हणायचे जा. मी म्हणायची पुढच्या वेळी.

मग गेल्या वर्षी हे गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

तेराव्याला थोरले दीर पिकअपला गिऱ्हाईक घेऊन आले. मनानं वाईट नाहीत ते. माझ्या काळजीनंच आणलं होतं.

"सुमन, गाडी उभी राहून गंजंल. बाईमाणूस एकटी कुठं नेणार हाय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी चावी पदराच्या गाठीला बांधली.

"दादा, चावी माझ्याजवळ राहू द्या. उद्या पाटणची ऑर्डर हाय."

गिऱ्हाईकानं पाणी प्यायलं आणि निरोप घेतला.

अहो, आज तुम्हाला जाऊन वर्ष झालं. मोठे शब्द मला जमत नाहीत. तुमची आठवण रोज येते, रडू रोज येत नाही. नर्सरी चालू आहे, मी बरी आहे. तुम्हाला माझा मनापासून नमस्कार.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी चाळीस ट्रे भरले, एकटी पाटणला जाऊन पोचवले आणि दुपारी जेवायला घरी आले.