चर्चमध्ये पिको-फॉल

समस्त पाचोडकर आणि पाचोड सोडून जगभर पांगलेली मंडळी यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, तुमची टेलरीणबाई शहरात एका चर्चमध्ये बसून ब्लाउज शिवते. धर्म बदललेला नाही, पत्ता बदललाय.

निघालो तेव्हा टेम्पोत आम्ही तिघं होतो: मी, आई आणि शिलाई मशीन. आठवडी बाजारात रेडिमेडचे ढीग पडायला लागले होते आणि माझ्याकडे फक्त फाटकं यायचं. वेशीपर्यंत आई रडली. पुढं शहरातली छावणी येईपर्यंत एकच घोकत राहिली, "कुणाच्या देवाला नाराज करू नको बाई, आपल्याला सगळ्यांचे कपडे शिवायचेत."

आणि जागा मिळाली ती हीच. गोऱ्या सोल्जरांसाठी बांधलेलं छोटं चर्च. गोरे गेल्यावर इथं प्रार्थनेला येणारी मंडळीही मोठ्या चर्चमध्ये गेली, तसं ते रिकामं पडलं, काही वर्षं मंडपवाल्याचं गोदाम झालं, मग मी आले. पाद्री उभे राहायचे तिथं कटिंगचं टेबल, बाजूच्या खोलीत ट्रायल रूम. दाराच्या आत, ऊन येतं तिथं कमरेएवढा दगडी खांब होता, वरून खोलगट. "बघ, वृंदावन! इथं आधी आपलेच लोक असणार," आई म्हणाली आणि तिनं त्यात तुळस लावली. रोज पाणी, रोज हळदीकुंकू. पार गारखेड्याहून येणाऱ्या बायासुद्धा फॉल लावलेली साडी घेतली की तुळशीला नमस्कार करून जायच्या.

यंदा मालकीणबाई आल्या. रूथबाई, रिटायर्ड नर्स, राहायला पुण्याला. इमारत कुणी पाडू नये म्हणून त्यांच्या वडिलांनी ती विकत घेतली होती. आमचा व्यवहार त्यांच्या भाच्याशी, त्यांना आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं. येण्याआधी फोनवर एवढंच म्हणाल्या, "जागेचा मान राखला असेल तर करार पुढं चालू. नसेल तर दिवाळीच्या आत रिकामी करा."

मी जळमटं काढली, फरशी घासली. तुळशीचं मनातही आलं नाही. उलट त्या यायच्या दिवशी आईनं कुंकू जरा ठळकच लावलं.

रूथबाई आत आल्या आणि तुळशीपाशीच थांबल्या. माझा पाय मशीनवरून आपोआप खाली आला.

"हे कुणी केलं?"

"मी," आई म्हणाली. "का, सुकली का?"

रूथबाईंनी दगडावरून बोट फिरवलं. "ह्यात पाणी भरून माझा बाप्तिस्मा झाला. माझं नाव इथं ठेवलं."

आता मशीन कुठल्या टेम्पोत चढवायचं, इथपर्यंत माझा विचार पोचला. इतकी वर्षं मी पाचोडसाठी हुंदके काढले, गिऱ्हाइकांना अगदी अभिनयासकट ऐकवले. पण आपण बसतो ती जागा दुसऱ्या कुणाचं तरी सुटलेलं गाव असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं.

माफी मागायला मी तोंड उघडलं, पण आईचं आधी उघडलं. तुळस आता बाहेर डब्यात आहे, दगड धुऊन पुसून ठेवलाय, रूथबाई त्या दिवशी आमच्याकडं जेवून गेल्या आणि दुकान जिथल्या तिथं आहे. हे सगळं आईच्या एका वाक्यानं केलं. हातातलं, काज करायला घेतलेलं ब्लाउज बाजूला सारत, मालकीणबाईंना ती सरळ म्हणाली,

"म्हंजी तुझं बारसं इथलंच व्हय? मंग उभी का र्‍हायलीस पोरी, माहेराला आलीस की."