भुशाच्या दिवसांतला दमा

“आपको अस्थमा है,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि मला हसूच फुटलं. आईने माझ्याकडे पाहिलं, दमा डोक्यात तर गेला नाही ना, अशा नजरेने. पण महिनाभर मी मनातल्या मनात टीबीपासून हृदयविकारापर्यंत सगळं भोगून घेतलं होतं. अस्थमा म्हणजे आपला दमा. नाव कळलं, त्यानेच निम्मं बरं वाटलं.

मी तेवीस वर्षांची. घर गंगेकाठी, दुर्गाघाटाच्या गल्लीतल्या जुन्या मराठी वस्तीत, बाबा पूजा सांगतात. मी शेतीचं शिकले आणि गंगेपलीकडे बियाण्यांच्या एका शेतावर कामाला लागले. चैत्रात गव्हाची मळणी सुरू झाली. थ्रेशर दिवसभर भुसा उडवायचा आणि आम्ही मुली तोंडाला ओढण्या बांधून त्याच्यासमोर उभ्या. आधी नुसता खोकला. मग छातीत शिट्टी वाजायला लागली. एकदा घाटाच्या पायऱ्या चढताना मी तीनदा बसले, शेवटी बाबांनी धरून वर नेलं.

रविवारी घरी असले की बरं वाटायचं. तुमचंही असं होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मॅडमना त्यावरूनच पहिला संशय आला.

मग स्पायरोमेट्री झाली. म्हणजे एका नळीत जोरात फुंकायचं, हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते ते यंत्र दाखवतं. तपासणारे भैया वरातीत नाचताना ओरडावं तसे ओरडत होते, “फूँकिए, फूँकिए, और फूँकिए!” बाहेर बाकावरचे पेशंटही “और!” म्हणायला लागले. औषध ओढून पुन्हा फुंकलं, तर आकडा चांगला वर गेला. आवळलेल्या श्वासनळ्या औषधाने अशा मोकळ्या होतात, ही दम्याची खूण.

घरी बाबा म्हणाले, “सोड ते शेत. इथेच मुलांच्या शिकवण्या घे.” मी खूप रडले. माझी पहिली नोकरी होती ती. पुढच्या खेपेला बाबांनाच दवाखान्यात नेलं.

“इनहेलर की आदत नहीं पड़ जाएगी?” त्यांनी विचारलं.

“पंडितजी, आपको चश्मे की आदत पड़ी है क्या?” मॅडम म्हणाल्या. बाबांनी नाकावरचा चष्मा सारखा केला.

काम सुटलं नाही. रोज दोनदा इनहेलर, नंतर चूळ भरायची. कामावर ओढणीऐवजी चांगला मास्क, आणि उभं राहायचं ते वारा पाठीवर घेऊन.

माझ्याबरोबरची रीता एकोणीस वर्षांची. काम जाईल या भीतीने ती लपून खोकायची. म्हणून मी माझा इनहेलर सगळ्यांदेखत ओढायला लागले. चौथ्या दिवशी ती हळूच म्हणाली, “दीदी, हमको भी ले चलिए।” तिलाही दमाच निघाला. आम्ही दोघी मालकांशी बोललो. त्यांनी थ्रेशर मोकळ्या माळावर हलवला आणि भुशाजवळ पाळ्या लावल्या.

श्रावणात शेजारच्या काकूंकडे मंगळागौर होती. मी रीताला घेऊन गेले. तिने फुगडी कधी घातली नव्हती. हात धरले, पाय जुळवले आणि आम्ही गरगर फिरायला लागलो. इनहेलर पिशवीतच राहिला. बायका मोजत होत्या, रीता किंचाळत हसत होती. चाळीसाव्या फेरीला काकू ओरडल्या, “अगं पुरे, बाकीच्यांनाही खेळू द्या!”